किकरच्या अलीकडे लागणारा ब्रेक

“मॅडम, एवढी भीती काढून द्या. बाकीचं मी बघतो.”

मी समुपदेशक आहे. हौशी खेळाडूंची माझ्याकडे बहुतेक वेळा हीच मागणी असते. तिशीत कुणी ट्रेकिंग सोडून भिंतीवरचं क्लाइंबिंग सुरू करतं, कुणी सर्फिंग, कुणी स्केटबोर्ड. पहिली दोन-तीन वर्षं प्रगती झपाट्याने होते आणि मग एका जागी गाडं अडतं. मग रात्री झोपताना प्रश्न पडतो, की आपलं वय झालं का, की मुळात आपण भित्रेच आहोत? हा अनुभव स्नोबोर्डिंग, म्हणजे फळीवर उभं राहून बर्फावरून घसरण्याचा खेळ, करणाऱ्या एका तरुणाचा आहे. त्याच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून लिहिते आहे, कारण गुलमर्गला किंवा औलीला पहिले धडे घेऊन आलेली मुलंसुद्धा आता मला हेच विचारतात.

हा तरुण मूळचा सांगलीचा, वय ३४, सध्या डेन्व्हरला सॉफ्टवेअरमध्ये. शाळेत असताना मल्लखांब खेळलेला. बोर्डवर पहिल्यांदा उभा राहिला तो अमेरिकेत गेल्यावर. हिवाळ्यात शनिवारी पहाटे अंधारातच गाडी काढायची, आय-७० महामार्गावर गर्दी व्हायच्या आत आयझेनहॉवर बोगदा ओलांडायचा, दिवसभर ब्रेकनरिज नाहीतर कॉपर माउंटनच्या बर्फावर, आणि संध्याकाळी त्याच रस्त्याच्या रांगेत परत. उतारावरून वळणं घेत खाली येणं त्याला लवकर जमलं. मग त्याचा जीव जडला फ्रीस्टाइलवर, म्हणजे बर्फाच्या उड्या, रेलवरून घसरणं, हवेत गिरक्या. ऑलिंपिकमध्ये १९९८ साली नागानोत हाफपाइप (बर्फाच्या अर्धगोल नळीतल्या करामती) आलं, २०१४ साली सोचीत स्लोपस्टाइल (रेल आणि उड्यांचा उतार), २०१८ साली प्योंगचांगला बिग एअर (एकच मोठी उडी). त्या सगळ्या स्पर्धांचे व्हिडिओ त्याला जवळजवळ पाठ होते.

त्याची अडचण त्याने पहिल्याच कॉलवर नेमकी सांगितली. फ्रंटसाइड १८०, म्हणजे छाती उताराकडे वळवत हवेत अर्धी फेरी, तो डोळे मिटून मारायचा. फ्रंटसाइड ३६०, म्हणजे पूर्ण फेरी, मात्र अख्खा सीझन जमेना. त्यातच त्याआधीच्या वर्षी मधल्या आकाराच्या उडीवर आपटून डाव्या मनगटाचं हाड मोडलं होतं. प्लास्टर निघून बरेच महिने झाले होते, फिजिओथेरपी संपली होती, डॉक्टरांनी खेळायला हरकत नाही म्हणून सांगितलं होतं.

“हाड जुळलं, पण डोक्यात काहीतरी राहिलंय,” तो म्हणाला. “अमेरिकेच्या त्या स्नोबोर्डर शॉन व्हाइटचं बघा ना. ऑक्टोबर २०१७ मध्ये न्यूझीलंडला तोंडावर आपटला, ६२ टाके पडले, आणि फेब्रुवारीत ऑलिंपिकचं सुवर्णपदक घेऊन मोकळा. आणि मी? साध्या ३६० ला लटपटतो.”

मी त्याला विचारलं, “शॉन व्हाइटचं मनगट मोडलं तर त्याच्या घरचा हप्ता कोण भरतं?”

तो थोडा वेळ गप्प बसला. मग जे बाहेर आलं ते त्याने आधी कुणाला सांगितलं नव्हतं. पोट कीबोर्डवर चालतं. व्हिसा नोकरीला बांधलेला. घरात तीन वर्षांची मुलगी. मनगट मोडलं तेव्हा विमा लागू होण्याआधी स्वतः भरावी लागणारी रक्कम खिशातून गेली होती, आणि आठवडेच्या आठवडे एका हाताने टाइप करत त्याने कामाची तारीख गाठली होती. सांगलीहून आईचा फोन आला, की “हातपाय मोडून घ्यायला गेलास का तिकडे?” हे ठरलेलं. बायको काही बोलत नव्हती आणि तेच त्याला जास्त लागत होतं.

आता या माणसाची भीती ‘काढून’ कशी टाकायची? आणि का टाकायची? तिच्यातला निम्मा भाग हा सरळ हिशोब आहे. समुपदेशक म्हणून मला अशा वेळी ‘बिनधास्त जा, सकारात्मक विचार करा’ असं सांगणं धोक्याचं वाटतं. २००९ च्या ३१ डिसेंबरला पार्क सिटीत सराव करताना केविन पियर्सच्या मेंदूला गंभीर इजा झाली, तेव्हा तो जगातल्या अव्वल स्नोबोर्डरांपैकी एक होता. हेल्मेट घातलेलं होतं. हा खेळ खरोखर इजा करतो, हे मान्य करूनच बोलायला बसावं लागतं.

त्याच कॉलमध्ये मी आणखी एक गोष्ट तपासली. झोपेत दचकून उठतो का, पडल्याचं दृश्य दिवसा अचानक डोळ्यांपुढे येतं का, डोंगराकडे जाणारा रस्ताच टाळतो का. असं काही असेल तर ती आघातानंतरची लक्षणं असू शकतात आणि त्यांचे उपचार वेगळे असतात. त्याला यातलं काहीच नव्हतं. डोंगरावर तो आनंदाने जायचा. अडकायचा तो एका ठरावीक क्षणी.

तो क्षण नेमका कोणता, हे शोधण्यात आमचे सुरुवातीचे बरेच तास गेले आणि माझ्या मते खरं काम तिथेच झालं. फ्रीस्टाइलचे प्रशिक्षक उडीचे चार भाग पाडतात: उडीकडे येणं, उडी सोडणं, हवेतली करामत, उतरणं. मी विचारलं, भीती यातल्या कुठल्या भागात? तो ठामपणे म्हणाला, “हवेत.” मग मित्राने फोनवर काढलेले त्याचे व्हिडिओ आम्ही अगदी हळू करून पाहिले.

पहिल्याच व्हिडिओत मला जे दिसलं ते हवेतलं नव्हतंच. किकरच्या, म्हणजे उडी घेण्यासाठी बांधलेल्या बर्फाच्या उंचवट्याच्या, चढाला लागायच्या जरासं आधी बोर्ड क्षणभर आडवा झाला. मागच्या कडेने बर्फाचा छोटासा फवारा उडाला आणि बोर्ड पुन्हा सरळ. दुसऱ्या व्हिडिओत तेच, तिसऱ्यातही तेच. ब्रेक.

“हे मी करतो?” त्याने तीनदा मागे जाऊन पाहिलं.

पार्कमधली, म्हणजे उड्या आणि रेलसाठी राखलेल्या उतारावरची, उडी कशी बांधलेली असते हे सांगितल्याशिवाय या ब्रेकचं गांभीर्य कळणार नाही. आधी चढ, मग सपाट भाग, आणि मग उतरायचा उतार. सपाट भाग संपून उतार सुरू होतो त्या काठाला नकल म्हणतात. नकल पार करून उतारावर पाय टेकले तर शरीराचा वेग उताराच्या दिशेनेच वाहून जातो, धक्का कमी बसतो. वेग कमी पडला तर माणूस सपाटीवर किंवा नकलवर आदळतो आणि सगळा धक्का गुडघे, टाच, पाठ आणि पुढे केलेल्या हातावर येतो. त्याचं मनगट असंच मोडलं होतं. तेव्हाही तो जास्त वेगाने गेला म्हणून पडला असं तो धरून चालला होता. प्रत्यक्षात वेग कमी पडला होता. म्हणजे भीती ज्या गोष्टीपासून वाचवायला ब्रेक लावत होती, तो ब्रेकच त्याला तिथे नेऊन आपटत होता.

हे उमगल्यावर तो बराच शांत झाला. भित्रेपणाचा शिक्का जाऊन हातात सोडवण्यासारखी गोष्ट आली होती.

पण ब्रेक लावू नको असं नुसतं सांगून ब्रेक थांबत नाही. त्या जागी शरीराला ‘नको’ म्हणायचं असतं, आणि ‘नको’ म्हणायची दुसरी कुठली जागाच त्याने ठेवली नव्हती. रांगेत मागे पोरं उभी, डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टवरून लोक बघतायत, आपला नंबर आला की निघायचंच. म्हणून आम्ही ‘नको’ला जागा दिली. किकरच्या बऱ्याच अलीकडे कडेला रोवलेली एखादी काठी किंवा खूण निवडायची. खुणेच्या आधी मनात जराही शंका आली तर बाजूला वळून निघून जायचं, कसलंही स्पष्टीकरण न देता. खूण ओलांडली की बोर्ड सरळ. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी नव्वदच्या दशकात मांडलेली ‘जर-तर’ योजना ती हीच: अमुक जागा आली तर तमुक करायचं, हे आधीच ठरवून टाकायचं, म्हणजे ऐन वेळी वाद घालावा लागत नाही. पहिल्या शनिवारी तो बहुतेक वेळा बाजूलाच वळला. मला त्यात समाधान होतं. त्या दिवशी चढावर ब्रेक एकदाही लागला नव्हता.

आणि वेग किती हवा हे ठरवायला धाडस लागत नाही, माहिती लागते. दिवसाच्या सुरुवातीला उडीच्या बाजूने हळू जाऊन ती नीट बघायची, आपल्याच पातळीचे लोक कुठून सुटतात ते पाहायचं, पहिल्या उड्या गिरकीशिवाय सरळ मारायच्या. सकाळी बर्फ कडक असतो, बोर्ड पळतो. वसंतात दुपारी तोच बर्फ भिजून जड होतो आणि त्याच जागेवरून सुटलेला माणूस कमी पडतो.

दुसरी गाठ खरोखरच हवेत होती. तो डावा पाय पुढे ठेवतो. फ्रंटसाइड गिरकीत असा माणूस डावीकडे फिरतो, त्यामुळे पहिल्या पाव फेरीत छाती उताराकडे येते आणि उतरायची जागा समोर दिसते. १८० पर्यंत सगळं नजरेच्या टप्प्यात. ३६० करायचं तर तिथून पुढे उताराकडे पाठ करावी लागते आणि उतरायची जागा काही क्षण दिसेनाशी होते. व्हिडिओत बरोबर त्या ठिकाणी त्याची मान खाली जात होती, डोळे जमीन शोधत होते, खांदे थांबत होते. डोकं थांबलं की गिरकी थांबते.

“उडी मारताना मनात काय म्हणता?” मी विचारलं. त्याने यादीच वाचली: गुडघे वाकव, हात आवळ, टाचेची कड सोडू नकोस, खांदा उघड, खाली बघू नकोस... एवढं सगळं एका श्वासात. संशोधक गॅब्रिएल वुल्फ आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये स्कीइंगच्या सिम्युलेटरवर एक प्रयोग केला होता. स्वतःच्या पायांकडे लक्ष देणाऱ्यांपेक्षा पायाखालच्या फळीच्या चाकांकडे लक्ष देणारे चांगलं शिकले. लक्ष शरीराच्या आत वळवलं की जमलेली हालचालही अडखळते. म्हणून आम्ही सगळी यादी पुसली आणि एकच काम ठेवलं, तेही शरीराबाहेरचं: अर्धी फेरी झाली की डाव्या खांद्यावरून वर, डोंगराच्या बाजूला बघायचं आणि तिथला लिफ्टचा खांब डोळ्यांनी गाठायचा. खांब दिसला तर उरलेली फेरी होते. घरी बूट घालून, गालिच्यावर उभं राहून तो हे खऱ्या वेगाने मनात करायचा, डोळे खांबावर नेत. मुलीला तो खेळच वाटला, तीही शेजारी गरगर फिरायला लागली.

तंत्र शिकवणं हे तिथल्या प्रशिक्षकाचं काम, आणि त्याने एक प्रशिक्षक धरावा हा मी आग्रहच धरला. प्रशिक्षकाने त्याला सरळ छोट्या पार्कमध्ये नेलं. इथे त्याचा अहंकार दुखावला. “तिथे आठ-आठ वर्षांची पोरं असतात मॅडम.” मल्लखांबाचा तोराही होता: मी उंचावरून उलटा लटकलेला माणूस, मला हे यायलाच हवं. अ‍ॅना गासरचं उदाहरण त्यानेच काढलं. ऑस्ट्रियाची ही खेळाडू जिम्नॅस्टिक्समधून आली, साधारण अठराव्या वर्षी बोर्डवर उभी राहिली आणि बिग एअरची ऑलिंपिक विजेती झाली, २०१८ आणि २०२२ अशी दोनदा. मी म्हटलं, उदाहरण चांगलंच आहे. पण तुमच्याकडे हिवाळ्यातले शनिवार आहेत, तिच्याकडे आख्खा आठवडा होता. आणि मल्लखांबावर नवीन उडी शिकताना वस्ताद कमरेला हात लावून उभे असायचे ना? त्यांनी पहिल्या दिवशी हात सोडला होता?

“नाही,” तो हसला. “महिनाभर सोडला नव्हता.”

छोटी उडी म्हणजे तो कमरेचा हात. तिथे चुकलं तर ढुंगणावर बसून माणूस हसत उठतो, आणि एका सकाळी तीच गोष्ट पुन्हा पुन्हा करता येते. प्रशिक्षकाने आधी सपाटीवर ३६० करून घेतलं, मग पायवाटेच्या कडेच्या उंचवट्यावर, मग सर्वात छोट्या किकरवर. मधल्या काळात सकाळच्या सकाळ उलट दिशेने, म्हणजे उजवा पाय पुढे ठेवून चालवायला लावलं. हे कंटाळवाणं वाटतं, हौशी लोक टाळतात. पण गिरकी अर्ध्यात थांबली तर उलट दिशेने उतरूनही सावरता येतं, हे शरीराला ठाऊक असलं की हवेतली घाई कमी होते. कॉपरला वुडवर्ड नावाच्या सराव केंद्राची बंदिस्त जागा आहे, तिथे ट्रॅम्पोलिन आणि फोमचे खड्डे आहेत. वादळी दिवशी त्याने तिथेही सराव केला.

काही गोष्टींवर मी अडून बसले. मनगटाचे गार्ड घालायचेच. पडताना तळहात पुढे करायचा नाही, मुठी मिटून हात छातीशी घ्यायचे. डोक्याला जराही मार बसला तर त्या दिवसाचा खेळ बंद आणि डॉक्टर. आणि ‘शेवटची एक’ उडी मारायची नाही, कारण पाय थकलेले असतात आणि ती एक कधीच साधी नसते.

बायकोशी बोलायला तो सगळ्यात जास्त कचरला. मी दोघांना एका कॉलवर घेतलं. तिला भीती त्याच्या उड्यांची नव्हती. दिवसभर फोन लागत नाही आणि काही झालं तर कुणाला विचारायचं हेच माहीत नाही, हे तिचं दुःख होतं. मग ठरलं: एकट्याने पार्कमध्ये जायचं नाही, मित्राचा नंबर तिच्याकडे, दुपारच्या जेवणाला एक फोन, आणि विम्याचे कागद दोघांनी मिळून वाचायचे. आईचं बोलणं काही बदललं नाही, ते बदलावं अशी अपेक्षाही नव्हती.

मार्चमध्ये त्याने व्हिडिओ पाठवला. छोटा किकर, फ्रंटसाइड ३६०, उतरताना मागचा हात बर्फाला घासला, पण बोर्ड सरळ पुढे गेला. सीझन संपेपर्यंत त्यातल्या बऱ्याच स्वच्छ झाल्या. मधल्या किकरवर तो अजून गिरकी मारत नाही, बोर्ड हाताने पकडून सरळ उडी मारतो आणि खूण येण्याआधी कधीकधी बाजूलाही वळतो. मला विचाराल तर या सीझनला एवढं पुष्कळ आहे.

आता त्याला बॅकसाइड १८० शिकायचं आहे. त्यात पाठ सुरुवातीलाच उताराकडे होते आणि उतरताना जागा दिसत नाही, म्हणजे लिफ्टचा खांब उपयोगाचा नाही, नजरेसाठी दुसरं काहीतरी शोधावं लागेल. ते काय असावं हे प्रशिक्षकाला विचारून त्याने नोव्हेंबरमध्ये मला कळवायचं, असं ठरलं आहे.