खिडक्या काढण्याआधी तज्ज्ञाला दाखवा

प्रश्न : मालवणजवळच्या आमच्या चिरेबंदी घराला मे महिन्यात ॲल्युमिनियमच्या ११ सरकत्या खिडक्या बसवल्या. कोल्हापूरच्या ठेकेदाराला २ लाख ७५ हजार दिले. पहिल्याच झडीला समुद्राकडच्या ५ खिडक्यांतून पाणी आत आलं. तो म्हणतो, तुमचा चिराच झिरपतोय. आपल्या ओळखीच्या इंजिनिअरचा तसा अहवालही त्याने पाठवलाय. चवथीला पाहुणे येणार. खिडक्या काढून दुसऱ्याकडून बसवून घेऊ का?

उत्तर : ताई, एवढ्यात काढू नका. गणपतीच्या खोलीत बादल्या ठेवायची पाळी कुणावर येऊ नये, पण खिडकी निघाली की पुरावाही गेला. मग उरेल फक्त त्याचा अहवाल.

त्या अहवालाला घाबरू नका. तज्ज्ञाचं मत हा पुरावा असतो, निकाल नव्हे. तुम्ही पाठवलेली प्रत मी वाचली. पाणी मारून पाहिलं का, खालचा रूळ उघडला का, याबद्दल त्यात एक ओळ नाही. तुमच्या फोटोत मात्र रुळातली पाणी जायची भोकं सिमेंटने बुजलेली दिसतात. नैर्ऋत्येचा वारा काचेवर पाणी मारतो, ते रुळात साचतं, बाहेर वाट नसली की घरात उतरतं. चिरा पाणी पितो हेही खरंच, म्हणून दोन्ही कारणं वेगळी करून दाखवायला हवीत.

त्यासाठी ठेकेदाराशी संबंध नसलेला स्थापत्य अभियंता गाठा. त्याने आधी नुसत्या भिंतीवर पाईपने पाणी मारावं, मग चौकटीच्या सांध्यांवर, मग रुळात. प्रत्येक वेळी पाणी कुठून, किती वेळाने आलं ते लिहावं. एक खिडकी त्याच्यासमोर उकलावी : भिंत आणि चौकटीतली फट पूर्ण भरलीय की वरवर सिलिकॉन फासलंय, हे तेव्हाच कळेल. कारण आणि दुरुस्तीचा खर्च, दोन्ही अहवालात हवेत. सोबत त्याचं प्रतिज्ञापत्र घ्या.

सर्वांत महत्त्वाचं : पाहणीची तारीख ठेकेदाराला आठवडाभर आधी पोचपावतीसह स्पीड पोस्टाने कळवा, व्हॉट्सॲपवरही टाका. तो आला तर उत्तम. नाही आला तरी 'माझ्या पाठीमागे केलं' हे त्याचं म्हणणं लंगडं पडेल.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तक्रारीला २ वर्षांची मुदत आहे. ठेकेदार कोल्हापूरचा असला तरी तुम्ही इथे राहता, म्हणून सिंधुदुर्गच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार चालते. दिलेली रक्कम ५ लाखांच्या आत, म्हणून शुल्क नाही. दुरुस्तीचा खर्च, अभियंत्याची फी आणि मनस्तापाची भरपाई, तिन्ही मागा. दोन्ही अहवाल टोकाचे निघाले तर आयोगानेच तज्ज्ञ नेमावा, असा अर्ज करता येतो.

पाहणी झाली की गणपतीच्या खोलीची खिडकी आधी करून घ्या. सर्वांत जास्त गळणारी एक मात्र निकालापर्यंत तशीच ठेवा, बाहेरून ताडपत्री बांधा. काढलेले गंजके स्क्रू तारीख घालून पिशवीत ठेवा, आणि व्हिडिओ काढलेला फोन विकू नका.