सेंट ‘मारायचा’ की ‘लावायचा’?

दारव्ह्याजवळच्या एका गावातली मुलगी पुण्यात शिकायला आहे. तिनं विचारलंय : “आम्ही घरी ‘दादानं सेंट मारला’ असंच म्हणतो. होस्टेलवर तसं म्हटलं की मैत्रिणी हसतात. त्या म्हणतात, मारतात ते डास, सेंट लावतात. शिवाय ‘वास मारतो’ म्हणजे घाण वास, मग सेंट कसा मारणार? आमचं चुकतं का? आणि अत्तर, सेंट, परफ्यूम हे तिन्ही एकच का?”

ताई, तुमचं काहीही चुकत नाही. हे आधीच सांगतो, कारण वऱ्हाडातून बाहेर शिकायला गेलेल्या पोरापोरींच्या तोंडचे चांगले शब्द असेच एकेक करून गळतात. कुणी एकदा हसलं की माणूस तो शब्द पुन्हा काढत नाही. ‘सेंट मारणे’ हा प्रयोग मराठीच्या अगदी अंगचा आहे. तो कसा घडला हे समजायला व्याकरणाच्या आधी हात आणि बाटली पाहावी लागते.

माझं गाव वरुडकडचं. लहानपणी आमच्याकडे सुगंधी म्हणून जे काही अंगाला लागायचं ते अत्तर, आणि तेही सणासुदीला, लग्नाकार्याला. मोठे मामा बहिरमच्या जत्रेतून बोटाच्या पेराएवढी कुपी आणायचे. तिच्या काचेच्या बुचाला आत काडी असायची. ती काडी मनगटावर टेकवायची, मनगटावर मनगट घासायचं, आणि काडीवर उरलेलं कापसाच्या इवल्याशा बोळ्यावर घेऊन तो बोळा कानाच्या वरच्या खोबणीत बसवायचा. हा अत्तराचा फाया. मामा नुसते बाजूनं गेले तरी हिन्याचा वास यायचा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या उशीलाही तोच वास असायचा.

या सगळ्या खटाटोपात अत्तर कातडीला टेकतं, बोटानं किंवा काडीनं. मराठीत असं टेकवून माखायचं जे जे आहे त्याला ‘लावणे’ हेच क्रियापद आहे. कपाळाला गंध लावतात, कुंकू लावतात, नवरदेवाला हळद लावतात, डोळ्यांत नाही तर गालाला काजळाची तीट लावतात, माळकरी बुक्का लावतात. अत्तर याच पंगतीतलं, म्हणून ‘अत्तर लावलं’. जुन्या लग्नांत मांडवाच्या तोंडाशी पाहुण्याच्या हाताच्या पाठीवर अत्तर लावायचे आणि गुलाबदाणीतून गुलाबपाणी शिंपडायचे. स्वागत एकच, उभी असलेली माणसंही तीच, पण एका वस्तूला ‘लावणे’ आणि दुसरीला ‘शिंपडणे’. गुलाबपाणी लावलं असं कुणी म्हणायचं नाही. म्हणजे क्रियापद सुगंधावर ठरत नव्हतं, हाताच्या चालीवर ठरत होतं.

पुढे दाबायची बाटली आली. ती कातडीला टेकतच नाही. वीतभर लांब धरायची, बोट दाबायचं, फुस्स करून फवारा उडतो. या चालीला विदर्भातल्या शेतकऱ्याच्या घरात शब्द तयार होता. पाठीवर पंप घेऊन कपाशीवर काय करतात? फवारा मारतात. औषध मारतात. नव्या भिंतीवर आठवडाभर पाणी मारतात, दाराला रंग मारतात, होळीला पिचकारी मारतात. लांबून, जोरानं, एका झटक्यात जे जाऊन पडतं ते आपण मारतो. मग शर्टावर सेंट मारला तर त्यात नवल काय?

याची परीक्षा सोपी आहे. तालुक्याच्या दुकानात एकाच कंपनीच्या दोन बाटल्या शेजारी शेजारी असतात, एक फवाऱ्याची आणि एक गोळी फिरवून काखेत लावायची, रोल-ऑन. तुमच्या दादाला ती दुसरी द्या आणि तो काय म्हणतो ते ऐका. ‘रोल-ऑन मारला’ असं तो म्हणणार नाही, ‘लावला’ म्हणेल. काम तेच, पण क्रियापद बाटलीच्या तोंडाप्रमाणे बदललं. इतकी बारीक जाण ज्या बोलीत आहे तिला अडाणी म्हणणं मला मान्य नाही.

‘मारतात ते डास’ हा आक्षेप तर टिकतच नाही. हाक मारली की कोण मरतं? मिठी मारतात, उडी मारतात, चक्कर मारतात, शिट्टी मारतात, पुरणपोळीवर ताव मारतात. तुमच्या मैत्रिणीही रात्री बारापर्यंत गप्पाच मारत असतील. नामाला ‘मारणे’ जोडून नवं क्रियापद घडवायची ही मराठीची जुनी रीत आहे आणि ती सगळ्या महाराष्ट्रात चालते. आपल्याकडे तिला थोडा जास्त जोर आहे, कारण शेजारच्या हिंदीतही ‘मारना’ असाच चौफेर चालतो आणि वरुडहून मध्य प्रदेशातलं पांढुर्णा काही लांब नाही.

आता ‘वास मारतो’. इथं मैत्रिणींचा प्रश्न खरोखर चांगला आहे. ‘त्यानं सेंट मारला’ या वाक्यात करणारा माणूस आहे आणि सेंट हे कर्म. ‘मोज्यांचा वास मारतो’ या वाक्यात करणारं कुणीच नाही. वास स्वतःच येऊन नाकावर आदळतो, वासच कर्ता. हीच दोन वाक्यं भूतकाळात नेऊन पाहा. ‘दादानं सेंट मारला’ बिनदिक्कत म्हणता येतं. ‘मोज्यांनी वास मारला’ असं कधी ऐकलंय? नाही. आपण म्हणतो ‘मोज्यांचा वास मारत होता’, किंवा आपल्या बोलीत ‘मोज्यायचा लय वास मारून रायला होता’. रूप तेच, पण वाक्याची घडण निराळी. म्हणून एकाच घरात, एकाच सकाळी, ‘बनियनचा वास मारून रायला, जरा सेंट मार’ असं माय म्हणते आणि पोराचा काहीही गोंधळ होत नाही.

एक छटा मात्र ध्यानात ठेवा. ‘कोठी चाल्ला बे सेंट मारून?’ असं पारावरचा म्हातारा विचारतो तेव्हा त्यात नुसता फवारा नसतो. बढाया मारणे, फुशारक्या मारणे, बाता मारणे, आणि अलीकडचे डायलॉग मारणे, स्टाईल मारणे, शायनिंग मारणे, यांचीही सावली त्या ‘मारून’वर पडलेली असते. पोट्टा कुणाला तरी दाखवायला निघालाय हे म्हाताऱ्यानं ओळखलेलं असतं. ‘अत्तर लावून कुठं निघालात?’ यात ही टोचणी नाही. म्हणून लग्नपत्रिकेत किंवा सत्काराच्या वृत्तांतात ‘लावणे’ ठेवावं. घरात, होस्टेलवर, गाडीवर टांग टाकताना खुशाल सेंट मारावा.

स्टाईलचा विषय निघाला म्हणून सिनेमाकडे वळतो, कारण या शब्दांची ये-जा तिथूनच झाली. ‘साधना कट’ हा शब्द माझ्या आत्याच्या तोंडी होता. कपाळावर झुलपं कापलेल्या मुलीला बायका तसं म्हणायच्या, सिनेमा पाहिलेला असो नसो. तो कट १९६० च्या ‘लव्ह इन सिमला’तला. साधनाचं रुंद कपाळ झाकायला दिग्दर्शक आर. के. नय्यर यांनी ऑड्री हेपबर्नच्या केसांची चाल उचलली. हॉलीवुडच्या नटीची बट अशी मुंबईमार्गे आमच्या आठवडी बाजारापर्यंत आली आणि तिला नावही मिळालं. पुढे २००३ च्या ‘तेरे नाम’ सिनेमानंतर न्हाव्याच्या खुर्चीत बसून ‘तेरे नाम कट मार’ म्हणणारी पोरं मी स्वतः पाहिली. तिथंही ‘मार’च.

पण याच ऑड्री हेपबर्नसाठी जिव्हाँशी या फ्रेंच फॅशनकारानं एक सुगंध बनवला होता, ‘लँतेर्दी’. १९५७ मध्ये तो बाजारात आला. तो काही आत्यापर्यंत पोचला नाही. केस पडद्यावर दिसतात, कॉलर दिसते, चालण्याची ढब दिसते. वास दिसत नाही. अमेरिकेत १९६० मध्येच खुर्च्यांखालून नळ्या टाकून प्रेक्षकांपर्यंत वास सोडण्याचा एक प्रयोग झाला होता, ‘सेंट ऑफ मिस्टरी’ नावाच्या सिनेमासाठी. तो एवढ्यावरच राहिला. त्यामुळे नटनट्यांच्या नावाचे ‘कट’ मराठीत भरपूर आले, पण नटाच्या नावाचा एकही वास आपल्या बोलीत नाही. सिनेमात आणि पुढे टीव्हीच्या जाहिरातीत गावानं पाहिली ती फक्त हाताची चाल : शर्टाची बटणं उघडी, डबी छातीवर धरलेली, बोट दाबलेलं. पाहिलं ते ‘मारणं’, म्हणून शब्दही तोच धरला. हे माझं अनुमान आहे, पण मला ते पटतं.

इंग्रजीत ही गोष्ट तिसऱ्याच वाटेनं जाते. तिथं सुगंध कपड्यासारखा ‘वेअर’ करतात, म्हणजे अंगात घालतात. हॉलीवुडची नटी मॅरिलिन मन्रो हिचं ते प्रसिद्ध उत्तर याच क्रियापदावर उभं आहे. झोपताना काय घालता, असं विचारल्यावर तिनं कपड्याऐवजी ‘शनेल नंबर फाइव्ह’ या परफ्यूमचं नाव सांगितलं. १९५२ मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकात ते छापून आलं. १९२१ पासून विकल्या जाणाऱ्या त्या बाटलीला याहून मोठी प्रसिद्धी दुसऱ्या कुणी दिली नसेल. आता हेच मराठीत आणून पाहा. ‘झोपताना काय घालता?’ ‘शनेल.’ गंमत गेली, कारण आपण सुगंध घालत नाही. घातलंच तर मिठाईत केवडा घालतो. म्हणूनच मुलाखतींत ‘मी आज हा परफ्यूम वेअर केलाय’ असं मराठी नटनट्या म्हणतात तेव्हा मला वाईट वाटतं. लावणे, मारणे, शिंपडणे, चोळणे इतकी नेमकी क्रियापदं हाताशी असताना ‘वेअर करणे’ कशाला? तुमच्या दादाचं मराठी त्या वाक्यापेक्षा कितीतरी सकस आहे.

तीन शब्दांबद्दल. अत्तर हा अरबी ‘इत्र’, फारसी-हिंदुस्तानीमार्गे आलेला. विकणारा तो अत्तार. उत्तर प्रदेशातल्या कनोजला अजूनही तांब्याच्या देगेत फुलं उकळून त्यांची वाफ भपक्यातल्या, म्हणजे वाफ धरायच्या भांड्यातल्या, चंदनाच्या तेलात उतरवतात, ते खरं अत्तर, तेलाचं. सेंट हा इंग्रजी शब्द, मुळात ‘वास’ एवढ्याच अर्थाचा. शिकारी कुत्रा सशाचा माग काढतो तोही सेंटच. मराठीत आल्यावर तो फक्त बाटलीतला झाला.

परफ्यूमची कथा मला सगळ्यांत आवडते. लॅटिन ‘पेर फूमुम’, म्हणजे धुरातून. पहिला सुगंध माणसानं अंगाला चोळला नसून विस्तवावर टाकला, ही आठवण त्या शब्दात आहे. लॅटिन ‘फूमुस’ आणि आपला ‘धूम’ हे सख्खे चुलतभाऊ. आता तुमच्या आजीनं तान्ह्या बाळाला न्हाऊ घातल्यावर काय केलं असेल ते आठवा. शेगडीतल्या निखाऱ्यावर ओवा, वावडिंग टाकून धुरी दिली. ती धुरी म्हणजे परफ्यूम या शब्दाचा अगदी मूळ अर्थ, आणि त्याला आपलं क्रियापद आहे ‘देणे’. चौथी चाल, चौथं क्रियापद.

तेव्हा तिन्ही शब्द एक नाहीत. तेलाच्या कुपीला अत्तर म्हणा. फवाऱ्याच्या बाटलीला सेंट किंवा परफ्यूम, दोन्ही चालतं. परफ्यूम म्हटलं की किंमत जास्त वाटते, एवढाच फरक मला दिसतो. ‘अत्तर मारलं’ असं अलीकडे कानावर येतं. फवाऱ्याच्या बाटलीत अत्तर भरून मिळायला लागल्यामुळे तेही उद्या रुळेल, पण मला अजून ते खटकतं. लिंगाचं म्हणाल तर अत्तर नपुंसकलिंगी, यात वाद नाही. सेंट आमच्याकडे पुल्लिंगी, ‘सेंट मारला’. ‘मारलं’ म्हणणारेही भेटतात, त्यांना मी चूक म्हणत नाही.

आणि एक, न विचारलेलं. वास हा शब्द एकटा वापरला की आपण तो वाईटच धरतो : ‘इथं वास येतो.’ चांगला असेल तर ‘सुटतो’. फोडणीचा वास सुटतो, खमंग वास सुटतो. जानेवारी-फेब्रुवारीत आंबिया बहार, म्हणजे संत्र्याचा फुलोरा, फुटला की संध्याकाळी संत्र्याच्या बगीच्यातून जो वास सुटतो, त्याला आमच्याकडे कुणी सुगंध म्हणत नाही, परिमळ म्हणत नाही. ‘बहाराचा वास सुटला’ म्हणतात, आणि त्या ‘सुटला’मध्येच सगळा घमघमाट येतो.

आता तुम्हीच एक मदत करा. कानात ठेवायच्या त्या अत्तराच्या कापसाला आम्ही फाया म्हणतो, हिंदीतला फाहा तोच. दारव्हा-दिग्रसकडे त्याला दुसरं काही नाव होतं का? पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा घरातल्या जुन्या माणसांना विचारा आणि त्यांनी सांगितलं तसंच, न सुधारता, लिहून पाठवा.