सात वस्तऱ्यांचा जुना संच अस्सल आहे की जुळवलेला, हे कसे ओळखावे?

दादरच्या एका जुन्या घरातले सामान विकायला निघाले आहे, त्यात सात वस्तऱ्यांची पेटी आहे, प्रत्येकाच्या पाठीवर इंग्रजीत एकेका वाराचे नाव आहे आणि विकणारा तिला शंभर वर्षांपूर्वीचा अखंड संच म्हणतो. तो घ्यावा का, असे आपण विचारले आहे. मी एका कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झालो असून गेली अठरा वर्षे जुने वस्तरे जमवतो. माझे पहिले सांगणे असे की पेटीकडे पाहू नका. मखमलीच्या खाचांत ओळीने बसलेले सात वस्तरे इतके देखणे दिसतात की माणूस पेटीलाच भुलतो. सगळे बाहेर काढा, वर्तमानपत्रावर मांडा आणि एकेक सुटा तपासा.

ही अक्कल मला पैसे मोजून आली. चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटवरची दुकाने शुक्रवारी बंद असतात आणि रस्त्यावर जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. तिथे भल्या पहाटे, बॅटरीच्या उजेडात, मी असाच एक संच घेतला. घरी भिंगाखाली धरला तेव्हा सहा वस्तऱ्यांच्या मानेवर (पाते आणि मूठ यांच्या मधल्या जाड भागाला मी मान म्हणतो) ‘सोलिंगेन’ आणि त्याखाली ‘जर्मनी’ असा ठसा दिसला. गुरुवारच्या वस्तऱ्यावर मात्र नुसते ‘सोलिंगेन’ होते. मग वारांची अक्षरे पाहिली. सहांवरची अक्षरे तेजाबाने खाल्लेली होती, त्यांचा तळ मंद आणि किंचित खरखरीत होता. गुरुवारची अक्षरे हत्याराने कोरलेली होती आणि त्यांच्या कडांना नखाला लागेल असा कंगोरा होता. हरवलेल्या वस्तऱ्याच्या जागी कोणीतरी दुसरा बसवून वार घातला होता.

ठशातल्या देशाच्या नावाला महत्त्व आहे ते असे. जर्मनीतल्या सोलिंगेन शहराचा माल इंग्लंडमधल्या शेफील्ड शहराचा म्हणून खपतो, ही शेफील्डच्या कारागिरांची जुनी तक्रार होती आणि तिच्यातूनच ब्रिटनचा १८८७ चा व्यापारचिन्हांविषयीचा कायदा आला. पुढे अमेरिकेच्या १८९० च्या मॅकिन्ली जकात कायद्याने आयात मालावर देशाचे नाव सक्तीचे केले. म्हणून नुसते ‘शेफील्ड’ असेल तर वस्तरा त्याआधीचा आणि ‘इंग्लंड’ही असेल तर नंतरचा, असा ढोबळ आडाखा बांधतात. तो एकट्याने पुरावा ठरत नाही, कारण अमेरिकेला न जाणाऱ्या मालावर ते नाव घालण्याची अमेरिकन कायद्याची सक्ती नव्हती. परंतु एकाच संचातले सहा एक सांगत असतील आणि सातवा दुसरे, तर शंका घ्यायलाच हवी.

उलट, झीज वेगवेगळी दिसली म्हणून लगेच संच खोटा ठरवू नका. वस्तरा निसण्यावर लावताना पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकतात, पाठच कोन राखते आणि त्यामुळे दोन्ही एकत्र झिजतात. पात्याची रुंदी इंचाच्या आठव्या भागांत सांगतात. ५/८ म्हणजे सुमारे १६ मिलिमीटर. अशा पात्याची पाठ साधारण साडेचार मिलिमीटर जाड असेल, तर धारेचा कोन सोळा अंशांच्या आसपास येतो. मालकाचा आवडता वार जास्त झिजलेला असू शकतो. म्हणून जे झिजत नाही ते व्हर्नियरने (बारीक मापे घेण्याच्या सरकत्या पट्टीने) मोजा: मानेची जाडी, ठशाची उंची, मुठीच्या रिबीटांमधले अंतर. माझा गुरुवार रिबीटांच्या अंतरातच दीड मिलिमीटरने वेगळा निघाला.

पात्यात सर्वांत वाईट दोष म्हणजे चीर. पूर्ण पोकळ घासलेल्या, म्हणजे दोन्ही बाजूंनी खोलगट घासून पातळ केलेल्या, पात्याच्या मधल्या भागावर नखाने हलकी टिचकी मारली तर बारीक खणखण ऐकू येते. आवाज बद्द आला तर ते पाते उजेडात तिरपे धरून धारेपासून वर जाणारी केसाएवढी रेघ शोधा. ती सापडली तर तो वस्तरा फक्त पाहण्यापुरता राहिला. पाठीवरचे काळे डाग चालतात, पण धारेलगत गंजाने खड्डे पाडले असतील तर नवी धार त्या खड्ड्यांतच येऊन फुटते. विकणाऱ्याने पाती बफवर (चकाकी आणणाऱ्या फिरत्या चाकावर) चकाकवली असतील तर मी सरळ मागे फिरतो. बफच्या उष्णतेने पातळ धारेचे पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरू शकते, आणि सोन्याचा मुलामा किंवा खोदलेली अक्षरे पुसट होतात ती कायमची. उलट, पात्यावरचा मुलामा शाबूत असेल तर ती आनंदाची गोष्ट आहे.

मूठ पांढरी असेल आणि तिला हस्तिदंत म्हटले जात असेल तर व्यवहारच करू नका, कारण वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आपल्याकडे हस्तिदंताच्या व्यापाराला बंदी आहे. बऱ्याचदा ते सेल्युलॉइड असते. त्यात समांतर रेघा दिसतात, तर हस्तिदंताच्या कापलेल्या टोकाशी एकमेकींना छेदणाऱ्या रेघांची जाळी दिसते. तापलेली सुई टोचून पाहण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, सेल्युलॉइड भडकन पेटते. ते जुने होऊन कुजू लागले की त्यातून आम्लाची वाफ सुटते आणि मुठीत मिटलेले पाते गंजते. सातांपैकी एकाच वस्तऱ्यावर, तेही मुठीआड राहणाऱ्या भागात, गंज दिसला तर कारण बहुधा तेच असते.

आपल्या संचाबद्दल सांगायचे तर ठसे, अक्षरे आणि रिबीटांची अंतरे सातही जुळली आणि चीर कुठेच नसली, तर थोडा गंज असूनही घ्या. एखादा वस्तरा परका निघाला तर तो विकणाऱ्याला दाखवा आणि सहा सुट्या वस्तऱ्यांचा भाव करा. घरी आणल्यावर पाती कोरडी पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवा आणि जूनच्या आत पेटीतून बाहेर काढा. मुंबईच्या पावसाळ्यात जुने चामडे आणि मखमल ओल धरून ठेवतात. माझी पेटी त्या चार महिन्यांत रिकामीच असते आणि वस्तरे पोलादी कपाटात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत, सुटे ठेवलेले असतात.