दुखतंय कमरेत की कमरेखाली?

प्रश्न : मी यावल तालुक्यातली, वय ३१. धाकटं बाळ ८ महिन्यांचं आहे. बाळंतपणापासून उजवीकडे कमरेच्या खाली दुखतं, रात्री कूस बदलताना तर कळच येते. एक्सरे नॉर्मल आला. सासूबाई म्हणतात हाड सरकलंय, बसवून आण. दोनदा बसवून आले, दोन दिवस बरं वाटतं की परत तेच. कमरेचा बेल्टपण घेतला. कापूस वेचायला जाऊ की नको?

उत्तर : ताई, दुखतं तिथे एकच बोट ठेवून बघा. बोट मणक्यावर न जाता मागे कमरेखाली खळी पडते ना, तिथे गेलं तर बहुतेक एसआय जॉइंट असणार, म्हणजे माकडहाडाच्या वरचं तिकोनी हाड खुब्याच्या मोठ्या हाडाला जुळतं तो सांधा. फिजिओथेरपिस्टकडून एकदा बघून घ्या, ते हातानेच चार-पाच टेस्ट करतात, तीन दुखल्या की बरीच खात्री होते. एक्सरेत हे सहसा दिसत नाही.

आता सरकण्याचं. हा सांधा हलतोच मुळी दोन-चार मिलिमीटर, तो सरकत नाही नि बसवतही नाही कोणी, दाबल्याने स्नायू सैल पडतात म्हणून तेवढे दोन दिवस बरे जातात. गरोदरपणात लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणारे पट्टे, ढिले होतात, सांध्याला धरून ठेवायचं काम मग कुल्ल्यांच्या आणि पोटाच्या स्नायूंवर येतं, आणि तेच बाळंतपणात कमजोर झालेले असतात, खरी गोम इथे आहे. म्हणून पाठीवर झोपा, गुडघे वाकवा, कुल्ले आवळून कंबर उचला, ५ सेकंद धरा, १० वेळा, दिवसातून दोनदा. मग गुडघ्यांमध्ये उशी धरून दाबा. ६ ते ८ आठवडे तरी करा, चार दिवसात सोडू नका (सगळे सोडतात!). कूस बदलताना दोन्ही गुडघे जुळवून एकदम वळा. बेल्ट बहुतेक तुम्ही बेंबीजवळ बांधताय, तो खाली, मांडीचं हाड बाजूला हाताला लागतं त्याच्या जरा वर बांधायचा, कामापुरता.

पायात किंवा जांघेत बधिरपणा, लघवीवर कंट्रोल नाही, ताप, असं काही झालं तर व्यायाम राहू द्या, लगेच डॉक्टर गाठा. सकाळी अर्ध्या तासाहून जास्त आखडलेलं राहतं नि चालल्यावर मोकळं होतं, तर सांधेवाताच्या डॉक्टरांना दाखवा.

वेचायला जा की, पडून राहून हे अजून आखडतं. फक्त बाळाला रोज एकाच कडेवर घेऊ नका, आणि ओटी गच्च भरायची वाट बघू नका, अर्धी झाली की रिकामी करा, खेपा वाढल्या म्हणून मालक कुरकुरला तर कुरकुरू द्या.