पुण्यात भुताच्या नावाची एकही जागा नाही का?

प्रश्न असा की, संतांची नावं चौकापासून शाळेपर्यंत सगळीकडे दिसतात, मग भुतांनी काय घोडं मारलंय? अहो, पुण्यात भुतांच्या राजाची अख्खी पेठ होती! आजची गुरुवार पेठ म्हणजे पूर्वीची वेताळ पेठ, तिथल्या वेताळाच्या देवळावरून पडलेलं नाव. पुढे पेठ वाराच्या नावाने ओळखली जाऊ लागली. टेकडीने मात्र नाव सोडलं नाही. शहरातली सर्वांत उंच वेताळ टेकडी, माथ्यावर वेताळाचं देऊळ, आणि पहाटे फिरायला येणारे लोक त्याला नमस्कार करूनच उतरतात. वेताळ भुतांचा स्वामी खरा, पण गावाचा राखणदारही. म्हणून त्याचं नाव चालतं. साध्या मुंजा-हडळीचं नाव सोसायटीला दिलं तर फ्लॅट विकले जातील का?

सिनेमात संत आधी आले. प्रभात फिल्म कंपनीचा ‘संत तुकाराम’ (१९३६) पुण्यातच तयार झाला आणि व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात गाजला. भुतांचं नाव मराठी सिनेमा कधी कधी थेट घेत नाही, झपाटलेल्या माणसाची अवस्था सांगतो: ‘झपाटलेला’ (१९९३), ‘पछाडलेला’ (२००४).