उघड्या फळ्यांवर शोभेच्या वस्तू कशा मांडाव्यात?

दिवाणखान्यातील तीन उघड्या फळ्यांवर आजीची पितळी भांडी, प्रवासातून आणलेली खेळणी, फोटो आणि पुस्तके नीट लावूनही तो कोपरा अडगळीसारखा का दिसतो, असे आपण विचारले आहे. माझ्या मते वस्तू फार झाल्या आहेत.

किती वस्तू बाहेर ठेवायच्या, हे मी धुळीवरून ठरवतो. घरातील जी व्यक्ती दर आठवड्याला फडके घेऊन उभी राहणार आहे, तिला न कंटाळता जितक्या वस्तू उचलून फळी पुसता येईल तितक्याच फळीवर असाव्यात. उरलेल्या कपाटात ठेवून सणावाराला आलटूनपालटून काढाव्यात. या हिशेबाने तीन फुटांच्या फळीवर पाच-सहा वस्तूंपलीकडे जाता येत नाही, आणि नजरेलाही साधारण तेवढ्याच पेलतात. जुन्या वाड्यांतील कोनाड्यात पुष्कळदा एक दिवा तेवढा असे आणि तो कोनाडा कुणाला रिकामा वाटत नसे.

प्रथम सगळ्या वस्तू खाली सतरंजीवर मांडाव्यात आणि त्या कशाच्या बनल्या आहेत ते पाहून वेगळ्या कराव्यात. पितळ आणि तांबे एकमेकांशेजारी शोभतात, परंतु त्यांच्यात सावंतवाडीची रंगीत लाकडी फळे ठेवली की नजर फक्त रंगाकडे जाते. ती सगळी एका लाकडी परातीत एकत्र करून दुसऱ्या फळीवर ठेवावीत. पुण्याच्या तांबट आळीतील मठारकामाचे भांडे आपल्याकडे असेल, तर त्याला बाजूने प्रकाश मिळेल अशी जागा द्यावी, कारण त्यावरील ठोक्यांची नक्षी समोरून पडणाऱ्या उजेडात सपाट होऊन जाते. बिदरीचे पात्र जस्त आणि तांब्याच्या मिश्रधातूचे असून त्याचा पृष्ठभाग काळा केलेला व नक्षी बहुधा चांदीची असते, त्यामुळे ते फिकट भिंतीपुढे उठून दिसते आणि गडद भिंतीपुढे हरवते.

जड घंगाळ किंवा हंडा सर्वांत खालच्या फळीवर, एका कडेला असावा. अगदी मध्यभागी ठेवल्यास फळी दुकानातल्यासारखी दिसते. उंच वस्तूच्या शेजारी आडवी रचलेली तीन-चार पुस्तके आणि त्यांवर अडकित्ता किंवा कुंकवाचा करंडा, एवढी चढउतार पुरेशी आहे. अशा लहान वस्तू अनेक असतील तर त्या एका तबकात ठेवाव्यात, म्हणजे पुसताना तबक उचलले की काम झाले. फोटो शक्यतो भिंतीवर टांगावेत. भेट म्हणून आलेल्या गणपतींची रांग मात्र मला फळीवर पटत नाही. एखादी सुबक मूर्ती ठेवून बाकीच्या हौशी नातेवाइकांना देऊन टाकाव्यात, हे माझे वैयक्तिक मत आहे.

पितळ कळंकते, विशेषतः पावसाळ्यात आणि समुद्राजवळच्या घरांत. चिंच आणि मीठ लावून घासल्यास ते उजळते, परंतु लगेच स्वच्छ धुऊन कोरडे पुसले नाही तर डाग पडतात. बिदरीला हा उपाय कदापि करू नये, कारण घासल्याने तिचा काळा रंगच निघण्याचा धोका असतो. मऊ कापडाने पुसून खोबरेल तेलाचा अगदी पुसट हात फिरवावा. फळ्या बाहेरच्या भिंतीवर असतील तर लाकडी वस्तू आणि पुस्तके भिंतीपासून इंचभर पुढे ठेवावीत, अन्यथा ओल येऊन बुरशी धरते. नव्या इमारतींतील भिंती पुष्कळदा हलक्या पोकळसर ब्लॉकच्या असतात. त्यांत साधे प्लग पुरेसे धरत नाहीत, म्हणून घंगाळ वर चढवण्यापूर्वी सुताराकडून फळीचे ब्रॅकेट तपासून घ्यावेत.