झॅबिक्स त्याच सर्व्हरवर ठेवू नका

निपाणीच्या मित्रांचा प्रश्न असा: एकाच सर्व्हरवर प्रॉक्समॉक्स (एका मशीनवर अनेक आभासी संगणक, म्हणजे व्हीएम, चालवणारी सिस्टिम), त्यात टॅली, हजेरी आणि झॅबिक्स (सर्व्हरवर नजर ठेवून अलर्ट पाठवणारं सॉफ्टवेअर) अशी तीन व्हीएम. अलर्टचे मेल इतके येतात की कुणी उघडतच नाही. काय करावं?

मेल नंतर बघू, आधी झॅबिक्स तिथून बाहेर काढा. बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या मशिन शॉपमध्ये माझीही मांडणी अशीच होती. एका सोमवारी सकाळी डिस्पॅचमधून फोन आला, "सर, बिल निघेना झालंय बघा." लॉगिन केलं तर सगळ्या व्हीएमवर पिवळा त्रिकोण, आय-ओ एरर, म्हणजे डिस्कवर लिहिता येईना. थिन पूल (सगळ्या व्हीएमची सामायिक डिस्क-जागा, जी असते त्यापेक्षा जास्त वाटता येते) काठोकाठ भरलेला. एक टेराबाइटच्या पूलवर मी पावणेदोन टेराबाइट वाटून ठेवलं होतं, त्यात टॅली अपडेटच्या आधीचा स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणाची जपलेली स्थिती) चार महिने तसाच पडून. व्हीएमच्या आतून बघितलं तर डिस्क अर्धी रिकामी दिसायची, आणि झॅबिक्स तेवढंच बघत होतं. त्याची डिस्कही त्याच पूलवर, त्यामुळे तेही मुकं झालं.

म्हणून नजर होस्टवर, म्हणजे व्हीएम ज्यावर चालतात त्या मूळ सर्व्हरवर हवी. पूल किती भरला ते दाखवणाऱ्या 'एलव्हीएस' कमांडमधले डेटा आणि मेटा हे दोन्ही टक्के झॅबिक्सला द्या; मेटाडेटा (कुठला डेटा कुठं आहे याची नोंद) भरला तरी पूल अडकतो. 75 ला मेल, 85 ला फोन वाजला पाहिजे. व्हीएमच्या डिस्कला 'डिस्कार्ड' चालू करा आणि आतल्या सिस्टिममध्ये ट्रिमही (रिकामी झालेली जागा कळवणं) चालू ठेवा, नाहीतर आत फायली उडवल्या तरी पूलमध्ये जागा परत येत नाही.

झॅबिक्सला तुमच्या पसाऱ्यासाठी जुना लॅपटॉप पुरतो. दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या यूपीएसवर ठेवा. पाच मिनिटं होस्टकडून काहीच आलं नाही तर 'नोडेटा' ट्रिगर (अलर्ट पेटवणारी अट) पेटू दे.

आता मेल. 85 ला पेटलेला ट्रिगर 75 च्या खाली आल्यावरच विझावा, नाहीतर काठावर दिवसभर उघडझाप चालते. स्विच बंद पडला तर त्यामागच्या सगळ्यांचे मेल नकोत, त्यासाठी डिपेंडन्सी लावा, म्हणजे त्यांचे ट्रिगर स्विचच्या ट्रिगरवर अवलंबून ठेवा. जो अलर्ट बघून कुणाला जागेवरून उठावं लागत नाही, तो डॅशबोर्डवरच राहू दे.

पावसाळ्यात लाइट जाते, म्हणून यूपीएसला 'नट' (बॅटरी संपत आली की सर्व्हरला बंद व्हायला सांगणारं सॉफ्टवेअर) जोडा आणि व्हीएमच्या आत गेस्ट एजंट (होस्टचं ऐकणारा छोटा प्रोग्रॅम) टाका, म्हणजे व्हीएम नीट बंद होतात. नटचा निरोप नेटवर्कवरून जात असेल तर स्विचही यूपीएसवर हवा. हे बरेच जण विसरतात.

आणि स्नॅपशॉटला बॅकअप समजू नका, तो त्याच डिस्कवर असतो. महिन्यातून एकदा टॅलीचा बॅकअप वेगळ्या व्हीएम आयडीवर रिस्टोअर करा, नेटवर्क तोडूनच चालू करा, आणि बॅकअपच्या दिवशीचं शेवटचं व्हाउचर दिसतं का ते स्वतः बघा. नुसत्या हिरव्या टिकवर जाऊ नका.

आज घरी जायच्या आधी 'एलव्हीएस' चालवून ते दोन आकडे इथं टाका की. नव्वदच्या पुढं असतील तर आधी जुने स्नॅपशॉट काढायचे, बाकीचं उद्या.